गुराख्याचे घर

इंग्रजीतला ‘काउबॉय’ मराठीत आणू गेले की पहिल्याच पावलाला ठेच लागते. ‘गुराखी’ हा शब्द आपल्यापाशी आहे खरा. पण तो उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एखादा अनवाणी पोरगा. गावच्या गाई वळवीत तो डोंगराकडे निघून जातो. त्याच्याजवळ घोडा नसतो, पिस्तूल नसते, आणि त्याच्यावर कोणी चित्रपटही काढीत नाही. वास्तविक दोघांचा धंदा एकच : दुसऱ्याची जनावरे पगारावर राखायची, ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा, आणि हंगाम संपला की मालकाच्या दारात उभे राहून हिशेब मागायचा. पण एकाला हॉलिवुडने उचलले आणि दुसरा पहिलीच्या क्रमिक पुस्तकातून पुढे सरकला नाही. म्हणून या लेखात मी ‘काउबॉय’ हाच शब्द वापरणार आहे. मधूनच ‘गुराखी’ येईल तो मुद्दाम, त्या रुबाबदार टोपीखाली कोण आहे याची आठवण राहावी म्हणून.

चित्रपटातला काउबॉय सहसा म्हातारा होत नाही. शेवटच्या दृश्यात तो घोड्यावर बसून क्षितिजाकडे जातो, आणि क्षितिजापलीकडे त्याचे काय होते हे विचारण्याची आपल्याला सवय नसते. खरा काउबॉय मात्र चारचौघांसारखाच म्हातारा होई. त्याचे लग्न होई, त्याला मुले होत, नातवंडे होत. थंडीत त्याची जुनी मोडलेली हाडे ठणकत, आणि तो अंगणात बसून पूर्वीच्या गोष्टी सांगू लागला की घरातली माणसे एकमेकांकडे पाहून हळूच हसत. अशाच एका म्हाताऱ्याने सांगितलेले एक पुस्तक माझ्यापुढे आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी तो म्हातारा वारला. १९५५ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने ते पुन्हा छापले. त्याचे नाव ‘वी पॉइंटेड देम नॉर्थ’. सांगणारा एडवर्ड चार्ल्स अॅबट, लोकांचा ‘टेडी ब्लू’. आणि लिहून घेणारी हेलेना हंटिंग्टन स्मिथ नावाची पत्रकार बाई.

पुस्तकाच्या नावातला ‘पॉइंट’ हा शब्द धंद्यातला आहे. टेक्ससमधून दोन-तीन हजार जनावरांचा कळप निघाला की तो गोळा होऊन चालत नसे. मैलभर लांबीची त्याची एक रांग होई. रांगेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक स्वार असे. कळप उजवीकडे न्यायचा असेल तर डावीकडच्याने घोडा आत दाबायचा, डावीकडे न्यायचा असेल तर उजवीकडच्याने. हे दोघे म्हणजे ‘पॉइंट’. अनुभवी, थंड डोक्याची माणसेच तिथे नेमली जात. त्यांच्या मागे बाजूबाजूने इतर स्वार, आणि सगळ्यांच्या शेवटी, लंगडी, थकलेली, नुकतीच व्यालेली जनावरे हाकलीत आणि पुढच्या हजारो खुरांची धूळ गिळीत येणारी नवशिकी पोरे. पुढे हिंडण्याचा मान मिळेपर्यंत पोराला मागे पुष्कळ धूळ खावी लागे. तेव्हा ‘आम्ही त्यांची तोंडे उत्तरेकडे वळवली’ या साध्या वाक्यात एक बारीकसा ताठा आहे : आम्ही मागचे नव्हतो, पुढचे होतो.

उत्तरेकडेच का, तर तिथे पैसा होता. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात टेक्ससचा बाजार तुटला होता, माणसे लढाईवर गेली होती, आणि लांब शिंगांची ती रानटी जनावरे मोकळ्या माळावर वाढत राहिली होती. टेक्ससमध्ये चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेकडच्या रेल्वेपर्यंत चालवत नेला की तीस-चाळीस डॉलरला जाई. मधले शेकडो मैल तुडवायचे तेवढे काम. ते करायला महिन्याला तीस-चाळीस डॉलरवर पोरे मिळत. म्हणजे एका बैलाच्या किमतीत महिनाभराचा माणूस. या व्यवहाराचा भर वीस-बावीस वर्षेच टिकला. पुढे काटेरी तार आली, रेल्वे दक्षिणेपर्यंत पोचली, आणि कळप चालवत नेण्याचे कारणच उरले नाही. ज्या काउबॉयवर जगाने पाऊणशे वर्षे चित्रपट पाहिले, त्याचा खरा जमाना एका माणसाच्या तारुण्याएवढा होता. टेडी ब्लूच्या बाबतीत तर हे अगदी अक्षरशः खरे आहे.

त्याचा जन्म १८६० सालचा, तोही इंग्लंडातला. १८७१ साली बापाने बिऱ्हाड नेब्रास्कात आणले आणि लगेच गुरे विकत घेण्यासाठी टेक्सस गाठले. पोर नाजूक प्रकृतीचे, मोकळ्या हवेत सुधारेल म्हणून त्यालाही बरोबर घेतले. दहा वर्षांचे ते इंग्रज पोर कळपाबरोबर टेक्ससहून नेब्रास्कापर्यंत घोड्यावरून आले, आणि त्या वाटेवरच ते बापाच्या हातून निसटले. टेक्ससच्या गुराख्यांची भाषा, त्यांची खोगिरावर बसण्याची ऐट, त्यांचा मालकाविषयीचा इमान आणि शेतकऱ्याविषयीचा तिटकारा हे सगळे त्याने उचलले. बापाला मुलगा इंग्रज हवा होता. मुलगा टेक्ससचा झाला.

हा बाप पुस्तकात फार वेळ नसतो, पण असतो तेव्हा पान तापते. तो हुकमी, तापट, घरातल्यांना धाकात ठेवणारा माणूस होता असे मुलगा सांगतो, आणि साठ वर्षे लोटल्यावरही सांगताना त्याचा आवाज खाली येत नाही. अठराव्या वर्षी घर सुटले त्याचे कारण एका दिवसाचे आहे. बापाने अमक्या जनावरांना जुंपून उद्या अमका तुकडा नांगर असे फर्मावले, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा नांगराकडे न जाता घोड्यावर बसून निघून गेला. घोड्यावरून काम करणाऱ्याने खाली उतरून मातीत पाय रोवायचे, यात त्याला कमीपणा वाटला. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

घर सोडल्यावरची दहा वर्षे हा पुस्तकाचा गाभा, आणि इथे सांगणाऱ्याची रसवंती काय वर्णावी! कळपांबरोबरच्या खेपा, नदीचे पूर, वादळे, मालकांचे स्वभाव, घोड्यांचे स्वभाव. घोड्यांचे वर्णन तर माणसांच्या वर्णनाहून बारीक. ‘टेडी ब्लू’ हे नाव कसे पडले याचा किस्सा पाहा. मोंटानातल्या माइल्स सिटी या गावी एका नाटकघरात हा गडी रंगात येऊन पडद्यामागे घुसला, तिथे बुटाच्या टाचेची आर कशात तरी अडकली, आणि तो सरळ रंगभूमीवर, प्रेक्षकांसमोर कोसळला. आता फजिती झालीच आहे तर पुरती होऊ द्यावी म्हणून त्याने तिथली एक खुर्ची पायांखाली घेतली, आणि ती बुजलेले घोडे आहे असे समजून तिला ‘ब्लू’ म्हणून चुचकारू लागला. प्रेक्षक लोटपोट झाले, आणि ते नाव मरेपर्यंत चिकटले. किस्सा सांगणारा जवळजवळ ऐंशीच्या घरात आहे हे वाचताना विसरायला होते.

पण त्याच माणसाने सांगितलेली दुसरी एक हकिगत आहे, ती मला पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते. रात्री कळप बसलेला असताना दोन स्वार त्याच्याभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालीत आणि संथ चालीवर गात राहत. माणसाचा ओळखीचा आवाज कानांवर असला की जनावरे बुजत नाहीत. गाणी कसलीही चालत, देवाची भजनेसुद्धा. तरी एखाद्या रात्री वीज कडाडे आणि सारा कळप एकदम उठून अंधारात उधळे. मग पोरांनी त्याच अंधारात घोडे फेकून कळपाचे तोंड गाठायचे. अशा एका रात्रीनंतर सकाळी मोजणी झाली तेव्हा एक माणूस कमी भरला. तो आणि त्याचा घोडा सापडले, पण ओळख पटण्यासारखे फारसे उरले नव्हते. रात्री आपणच कळपाबरोबर त्याच्यावरून गेलो हे तेव्हा इतरांना कळले. त्यानंतर हुकूम निघाला की, कळप उधळला तरी त्याच्यामागे धावताना गात राहायचे. गाणे ऐकू येते आहे तोवर माणूस खोगिरावर आहे; गाणे थांबले म्हणजे काहीतरी झाले. टेडी ब्लू हे एखादा कामाचा नियम सांगावा तसे सांगून टाकतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. शोकाला तो जागा देत नाही, आणि म्हणूनच वाचणारा तिथे थबकतो.

हे यश थोडे लिहून घेणाऱ्या बाईंच्या पदरात घातले पाहिजे. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी शब्दबद्ध करणारी माणसे बहुधा दोन प्रकारची असतात. काही त्याच्या तोंडी स्वतःची सुंदर वाक्ये घालतात. काही त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि वाचकाला त्या रानात सोडून देतात. हेलेना स्मिथ या दोन्हींतून वाचल्या आहेत. बोलण्याची ढब म्हाताऱ्याची आहे, व्याकरणाच्या चुका त्याच्या आहेत, विषयांतरे त्याची आहेत. पण सालांचा क्रम कुठे चुकत नाही, आणि एक गोष्ट दोनदा येत नाही. कोणत्याही घरात आजोबांशेजारी बसलेल्यांना ठाऊक असते की आजोबा असे बोलत नाहीत. तेव्हा ही शिस्त बाईंची. आपला हात दिसू नये याची त्यांनी इतकी काळजी घेतली आहे की, तो शोधण्यासाठी पुस्तक दुसऱ्यांदा वाचावे लागते. प्रांजळपणाही असाच. माइल्स सिटीच्या नाचघरांतल्या बायकांविषयी म्हातारा न लाजता बोलतो. त्यांच्याविषयी एकही हिणकस शब्द काढीत नाही, उलट त्यांचे उपकार आठवतो. १९३९ साली एखाद्या सभ्य आजोबांनी हे छापू देणे ही लहान गोष्ट नव्हती. घरात मोठ्याने वाचताना चार पाने उलटावी लागतील हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

हे सारे मान्य करून आता मला माझी तक्रार मांडायची आहे.

मोंटानात आल्यावर काही वर्षांनी टेडी ब्लू ग्रॅनव्हिल स्टुअर्ट याच्या रँचवर नोकरीला लागला. हा स्टुअर्ट (१८३४–१९१८) म्हणजे मोंटानाच्या इतिहासातले बडे प्रस्थ : सोने शोधणारा, गुरांचा मालक, घरात मोठा ग्रंथसंग्रह बाळगणारा, आणि १८८४ साली घोडेचोरांना न्यायालयाची वाट न पाहता झाडांना लटकावणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याची बायको शोशोनी जमातीची. ऑबॉनी तिचे नाव. १८६२ साली त्यांचे लग्न झाले होते. त्यांच्या मुलींपैकी मेरी हिच्यावर टेडी ब्लूचे मन बसले. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्याने उत्तरेकडच्या गुरांच्या धंद्याचे कंबरडे मोडले ते याच सुमारास. बर्फाखाली गवत गाडले गेले आणि जनावरे हजारोंनी मेली. ज्याला चारा घालता येत नाही आणि निवारा देता येत नाही असे जनावर पुन्हा बाळगणार नाही, असे स्टुअर्टने म्हटल्याचे प्रसिद्धच आहे. टेडी ब्लूचा मित्र, चित्रकार चार्ल्स रसेल, याने त्या हिवाळ्यात काढलेले हाडे निघालेल्या एका गाईचे छोटेसे चित्र अमेरिकाभर गाजले. मोकळ्या माळाचे दिवस संपले. टेडी ब्लूने दारू सोडली, आणि १८८९ साली मेरीशी लग्न केले.

आणि इथे पुस्तक संपते! अगदी शेवटचे पान इथे नाही. पण ज्याला सांगणे म्हणावे ते इथे संपते. लग्न १८८९ सालचे, मृत्यू १९३९ सालचा. मधली पन्नास वर्षे तो नवरा होता, बाप होता, आजोबा होता, जमिनीचा धनी होता. ज्या घराच्या ओसरीवर बसून त्याने ही हकिगत सांगितली ते घर त्याच पन्नास वर्षांत उभे राहिले. त्यांच्या वाट्याला पुस्तकात जे आले ते कोणी घाईत आवराआवर करावी तसे. १८७१ पासूनच्या अठरा वर्षांतला घोड्यान् घोडा आठवणाऱ्या या माणसाला पन्नास वर्षांच्या संसारातले सांगण्यासारखे काही आढळले नाही काय? की विचारणाऱ्या बाईंनाच ते नको होते? प्रकाशकाला काउबॉय हवा होता, गृहस्थ नको होता, हे उघड आहे. पण दोष एकट्या प्रकाशकावर टाकून मोकळे होता येत नाही. काउबॉय स्वतःच आपल्या आयुष्याची सीमा अशी आखतो : घोड्यावर होतो तोवर मी होतो, खाली उतरल्यावर जे झाले ते कोणाचेही होते.

मेरीविषयी त्याचे प्रेम खोटे नाही. तिच्यासाठी थांबलेली वर्षे, तिला मागणी घालण्याची भीती हे सगळे तो मोठ्या गोडव्याने सांगतो. काउबॉयला दोनच गोष्टींचे भय, एक घोडा जाऊन पायी उरण्याचे आणि दुसरे घरंदाज बाईचे, अशा अर्थाचे जे तो म्हणतो त्यात थट्टा थोडी आणि सत्यच जास्त आहे. पण मेरी ही शोशोनी आईची मुलगी होती. गोऱ्या वस्तीत ज्या पुरुषाची बायको इंडियन असे त्याला त्या काळी एक तुच्छतादर्शक नाव होते. त्याच्या मुलांना त्याहून वाईट. बदलत्या मोंटानात अशा घराने पन्नास वर्षे कशी काढली, मुले शाळेत काय ऐकून घरी आली, आणि बापाने त्यांना काय सांगितले? ज्या माणसाने स्वतःच्या बापावर एवढा राग धरला तो स्वतः कसला बाप झाला? उधळलेल्या कळपापेक्षा ही हकिगत कमी थरारक होती असे मला वाटत नाही.

शेजारी त्याच्या सासऱ्याचे पुस्तक ठेवले की ही तक्रार अधिकच गडद होते. स्टुअर्टच्या मृत्यूनंतर, १९२५ साली, ‘फॉर्टी इयर्स ऑन द फ्राँटिअर’ या नावाने त्याच्या आठवणी दोन खंडांत निघाल्या. त्यांत सोने आहे, गुरे आहेत, राजकारण आहे, झाडाझुडपांच्या आणि हवामानाच्या नोंदी आहेत. पण सव्वीस वर्षे जिने संसार केला त्या ऑबॉनीच्या वाट्याला अगदी थोडी जागा. १८८८ साली ती वारली. १८९० साली स्टुअर्टने एका गोऱ्या शिक्षिकेशी लग्न केले आणि पहिल्या बायकोच्या मुलांशी संबंध जवळजवळ तोडून टाकले. म्हणजे मेरीचे लग्न झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिचे माहेर मिटले. टेडी ब्लू सासऱ्याविषयी आदरानेच बोलतो. हा आदर खरा असेलही. पण त्या आदराच्या आड बायकोचे दुःख उभे आहे, आणि म्हाताऱ्याने तिकडे मान वळवलेली नाही.

कोणी म्हणेल, पुरुषांच्या आत्मचरित्रांत घर नसते ही जगाचीच रीत आहे. आहे खरी. पण मराठी वाचकाला या बाबतीत एक भाग्य लाभले आहे. आपल्याकडे कर्त्या पुरुषाचे घर त्याच्या बायकोने लिहून ठेवले. न्यायमूर्ती रानडे सभेत कसे बोलत हे इतिहासात वाचावे. ते घरात कसे बोलत, आणि कसे न बोलता रागावत, हे रमाबाईंनी १९१० साली सांगितले. टिळकांची कविता अभ्यासावी. पण त्यांचा लहरी, उधळा, तापट आणि तरीही प्रेमळ संसार लक्ष्मीबाईंच्या १९३४ पासून निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’त जसा दिसतो तसा तो रेव्हरंड स्वतः दाखवते ना. मेरी अॅबट नवऱ्यामागे बरीच वर्षे जगली. तिच्या तोंडून असे पुस्तक कोणी काढून घेतले नाही.

मात्र हेलेना स्मिथ यांना ही उणीव जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे. तीनच वर्षांनी, १९४२ साली, त्यांनी दुसऱ्या एका व्यक्तीच्या आठवणी लिहून काढल्या, आणि ती व्यक्ती बाई होती. ‘अ ब्राइड गोज वेस्ट’ हे ते पुस्तक. सांगणारी नॅनी ऑल्डरसन. योगायोग असा की नॅनीचा जन्मही १८६० सालचा, आणि तीही टेडी ब्लूप्रमाणे १८८३ सालीच मोंटानात आली. तो कळपामागून आला, ती नवऱ्यामागून. व्हर्जिनियाकडच्या खानदानी वळणात वाढलेली ही मुलगी मातीची जमीन असलेल्या लाकडी खोपट्यात उतरली. स्वयंपाक येत नव्हता. तो तिला शिकवला कोणी, तर रँचवरच्या काउबॉयांनी! टेडी ब्लूच्या पुस्तकात जे पिस्तूल लावून हिंडतात तेच इथे पाव भाजताना आणि कॉफी उकळताना भेटतात, आणि मला तर ते इथेच जास्त ओळखीचे वाटले.

पुढच्याच वर्षी तिथल्या एका काउबॉयने ऐटीत येऊन शायेन जमातीच्या एका वृद्धाच्या डोक्यावरची टोपी गोळीने उडवण्याचा खेळ केला. गोळी डोक्याला चाटून गेली. संतापलेल्या शायेनांनी ऑल्डरसनांचे नवे घर जाळून टाकले. नॅनी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माइल्स सिटीला गेली होती. तान्हे मूल घेऊन परतायला घर उरले नाही. पुरुषांच्या गोष्टीत असला प्रसंग एका रंगेल गड्याचा आचरटपणा म्हणून दोन ओळींत निघून जाईल. इथे त्याचा हिशेब कपड्यांत, भांड्यांत आणि बाळंतिणीच्या रात्रींत मांडलेला आहे. १८९५ साली तिच्या नवऱ्याच्या डोक्यात घोड्याने लाथ मारली आणि तो गेला. चार मुलांना घेऊन तिने पुढे कसे निभावले हेही ती सांगते. माझी वाचकांना शिफारस अशी की, ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत, आणि आधी टेडी ब्लूचे वाचावे. उलट केले तर त्याच्या गमतींना हसू येणे कठीण आहे.

घरापुढे मुका होणारा हा म्हातारा काउबॉय पुढच्या कलाकृतींतही भेटतो. हॉवर्ड हॉक्सच्या १९४८ सालच्या ‘रेड रिव्हर’ चित्रपटात जॉन वेन केस पिकलेला, हट्टी मालक झाला आहे; कळप उत्तरेकडे नेताना त्याचा मानलेला मुलगा त्याच्या हातून कळप काढून घेतो, आणि बाप त्याला ठार मारण्याची शपथ घेतो. शेवट मात्र हॉक्सने गोड केला आहे, आणि तो मला कधीच पटलेला नाही. लॅरी मॅकमर्ट्री अधिक निर्दय होता. तो गुराख्यांच्याच घरातला. आजोबांनी टेक्ससमध्ये वसवलेल्या रँचवर वाढलेला. आजोबांचे नऊ मुलगे, म्हणजे त्याचा बाप आणि चुलते, एकजात गुराखी. हा एकटा पुस्तकांत रमणारा निघाला. त्या म्हाताऱ्या चुलत्यांवर त्याने ‘इन अ नॅरो ग्रेव्ह’ (१९६८) या संग्रहात लिहिलेला निबंध म्हणजे प्रेम आणि परखडपणा एकाच वाक्यात नांदवण्याचा धडा आहे. त्यांना पाहतच त्याला कळले असणार की, ही माणसे घोड्याशी जेवढी मोकळी होती तेवढी घरातल्यांशी क्वचितच झाली.

टेडी ब्लूचे पुस्तक मॅकमर्ट्रीच्या ‘लोन्सम डव्ह’ (१९८५) या कादंबरीला कामी आले. टेक्ससहून मोंटानापर्यंत कळप नेणाऱ्या या कादंबरीला १९८६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि लोकांनी ती शौर्यकथा म्हणून डोक्यावर घेतली. लेखकाला ते फारसे रुचले नाही. त्यातला कॅप्टन कॉल हा कर्तबगार, कडक, अबोल पुरुष. न्यूट नावाचा एक पोरका पोरगा त्याच्या हाताखाली वाढला आहे. तो कॉलचाच मुलगा आहे हे सगळ्या टोळीला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे, आणि कॉललाही ठाऊक आहे. मोंटानात पोचल्यावर परत फिरताना तो पोराला आपला जिवापाड जपलेला घोडा देतो, बंदूक देतो, आपल्या बापाचे घड्याळ देतो. ‘तू माझा मुलगा’ हे शब्द मात्र त्याच्या घशाबाहेर येत नाहीत, आणि तो तसाच निघून जातो. ‘लोन्सम डव्ह’मध्ये नद्या आहेत, साप आहेत, फाशी आहे; पण इतकी क्रूर जागा दुसरी नाही. टेडी ब्लूने गाळलेल्या पन्नास वर्षांत काय असू शकेल याचा एक तर्क मॅकमर्ट्रीने असा बांधला. तो टेडी ब्लूवर अन्याय करणारा असेल. सत्तर-पंचाहत्तरीनंतरही खुर्चीवरच्या त्या घोडेस्वारीला हसू शकणारा माणूस कॉलसारखा दगड नसावा, असे मला आपले वाटते.

पुरावा म्हणून त्याच्याच पुस्तकातल्या एका लहानशा जागेकडे मी पुन्हा पुन्हा जातो. लग्नानंतर आपण सरकारी नियमाप्रमाणे जमिनीचा तुकडा घेतला, दुभत्या गाई बाळगल्या आणि भाजीपाला लावला, असे तो ओझरते सांगून जातो. दुभत्या गाई! लांब शिंगांच्या हजारो जनावरांपुढे घोडा नाचवणाऱ्याने बादली घेऊन गाईखाली बसावे, हे टेक्ससच्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी पाहिले असते तर ते काय म्हणाले असते! तो मात्र त्याबद्दल खंत करीत नाही, बढाई मारीत नाही. सांगतो आणि थांबतो. भाजीपाला म्हटला की जमीन उकरणे आलेच. अठराव्या वर्षी बापाने नांगर धर म्हटले म्हणून जो घर सोडून गेला, त्याच्या त्या तुकड्यातली पहिली माती कोणी नांगरली, त्याने की मेरीने, हे पुस्तकात कुठेही आलेले नाही.